सत्याची चूल

माझा स्वभाव संशयी आहे. लोक माझ्या पाठीमागे म्हणतातच, तेव्हा मीच आधी सांगून टाकलेलं बरं. भाजीवालीने आपण होऊन दोन मिरच्या वर टाकल्या, की मी जुडी उलटून खालची मेथी बघते. हा गुण मला आईने दिला. वडील लवकर गेले आणि संगमनेरात चार घरी स्वयंपाक करून तिने आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईवर साखरेच्या डब्यापासून चांदीच्या वाटीपर्यंत कशाचाही आळ येऊ शकतो. तिच्यावर तो दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा खोटा ठरला होता. त्यामुळे तीही कुणावर भरवसा ठेवत नसे. मला मास्तरणीची पहिली नेमणूक मिळाली तेव्हा ती माझ्याबरोबर राहायला आली, आणि बिऱ्हाड लावता लावता तिने मला बजावलं, "इथे आपलं कुणी नाही. डोळ्यात तेल घालून राहायचं."

ते बहात्तर साल होतं. गाव तालुक्याच्या पठारावर. नाशिक-पुणे रस्त्याला एस.टी.तून उतरायचं आणि दीड तास चढ चढत जायचं. पंचवीस-तीस उंबरे, एक मारुती, एका खोलीची शाळा. गावाच्या वर आणखी एक टेकाड होतं आणि त्याच्या सपाट माथ्यावर ती चूल.

चूल म्हणजे चार उभे दगड, माणसाच्या छातीला लागतील एवढे, आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक शिळा. बैलांच्या चार जोड्या लावल्या तरी ती हलली नसती. भोवती गुडघाभर उंचीच्या दगडांचं रिंगण. पुढच्या उभ्या दगडाला तळाशी एक गोल भोक होतं, हात जाईल एवढं. पठारावर दगडांना काय तोटा, पण हे दगड कुणीतरी मुद्दाम आणून, जोखून मांडलेले होते. कुणी आणि कशासाठी, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की इथे काहीतरी लपवलेलं आहे.

गावाला मात्र त्या चुलीचा उपयोग ठाऊक होता. चोरी झाली, कुणी कुणाचा बांध कोरला, की ज्यांच्यावर संशय असेल त्यांना वर न्यायचं. त्या भोकात कोपरापर्यंत हात घालायचा आणि दोन वाक्यं बोलायची. एक, 'म्या घेतलं न्हाई.' दुसरं, 'कुनी घेतलं त्ये मला ठावं न्हाई.' खोटं बोलणाऱ्याचा हात आत धरला जातो, असा समज. गावचा सगळा भर दुसऱ्या वाक्यावर होता. पोलीस पाटलांनी मला ते समजावून सांगितलं होतं. "बाई, चोर काय, कसाबी निसटंल. पर बघनारा आसतोच की. त्येनं त्वांड उघडाया पायजे." मी शिकलेली. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अडाणी आहेत सगळे.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले आणि गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शाळेतल्या मुलांसाठी सरकारने दुपारचं खाणं सुरू केलं. परदेशातून आलेल्या दलियाची पोती आणि तेलाचे पत्र्याचे डबे बैलगाडीतून वर आले, आणि शाळेमागच्या कोठीला मी कुलूप घातलं. किल्ल्या दोन. एक माझ्या घरी खुंटीवर, दुसरी उप्पीट शिजवणाऱ्या बाईच्या कमरेला.

ही बाई गावातलीच, विधवा, तिशीच्या आतबाहेरची. मूलबाळ नाही. नवऱ्याच्या वाटणीची एक खोली तेवढी तिची, आणि तिच्यावर दीर-जाऊ टपून बसलेले. पहिल्या महिन्यात तीही खडीवर गेली होती. दगडाची कपची उडून तिच्या डाव्या डोळ्यात बसली. डोळा वाचला, पण त्याला धुरकट दिसायचं आणि उन्हात सारखं पाणी यायचं. खडी तिच्याने पुन्हा होणार नव्हती. शाळेचं उप्पीट शिजवायचं, त्यातलं एका वेळचं स्वतः खायचं आणि सरकारी कामावरची बाई म्हणून गावात मान वर करून राहायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच मी तिच्यावर जास्त संशय घेत होते. गरजू माणूस चोरी करणारच, असं माझं सरळ गणित.

मी काय काय केलं ते आता सांगायची लाज वाटते, तरी सांगते. तेलाच्या डब्यांच्या बुडाला मी खडूने खुणा करत असे. कोठीच्या कडीत घरून आणलेला दोरा अडकवून ठेवायचा आणि सकाळी तो तुटला आहे का ते बघायचं. ती जवळून गेली की तिच्या केसांना तेलाचा वास येतो का ते मी हुंगायची. एकदा तिच्या घरावरून जाताना मुद्दाम रेंगाळले, तळणीचा वास येतो का बघायला. तिच्या घरातून फक्त धूर येत होता.

आईचं मात्र तिच्याशी जमलं. हे मला आवडलं नव्हतं. कपची लागली तेव्हा आईने चार दिवस तिच्या डोळ्यावर दुधाच्या घड्या ठेवल्या होत्या, आमच्या वाट्याच्या पावशेर दुधातून. तेव्हापासून ती आईला मावशी म्हणे आणि दुपारी भांडी घासून झाली की आमच्या ओट्यावर येऊन बसे. मी आईला म्हटलं, "तूच सांगतेस ना, भरवसा ठेवू नको म्हणून?" आई म्हणाली, "हिची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्याचं अन्न शिजवणाऱ्याचं दुःख मला कळतं."

माघात माझी वहिनी बाळंत झाली. तिला माहेर नव्हतं, म्हणून बाळंतपण संगमनेरात भावाच्याच घरी झालं. आई निघाली. बरोबर मोठं गाठोडं होतं, बाळाची दुपटी, जुनी लुगडी, असं काय काय. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून उप्पीटवालीने ते गाठोडं डोक्यावर घेऊन तिला खाली रस्त्यापर्यंत सोडलं. मी वर्गात पाढे घेत होते. दोघी उतरणीला लागलेल्या मला खिडकीतून दिसल्या.

आई पाच दिवसांनी परतणार होती. तिसऱ्या दिवशी मी कोठी उघडली आणि मागच्या रांगेतला तेलाचा एक डबा नव्हता.

मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी आनंद झाला. मी म्हणत होते तेच झालं! कुलूप शाबूत, म्हणजे किल्लीने उघडलेलं. माझी किल्ली माझ्या घरच्या खुंटीवर. उरली दुसरी. मी तडक पाटलांकडे गेले. वरिष्ठांना कळवते म्हणाले. पाटील घाबरले. सरकारी माणसं चौकशीला आली की गावाचं खाणं बंद होईल, अशी त्यांना भीती. ते म्हणाले, "आदी आपून चुलीवर बघू. गाडीवान खाली गेलाय, त्यो येऊ द्या, मंग बसू."

आई परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो. कोठीशी संबंध असलेली माणसं तीनच, मी, उप्पीटवाली आणि पोती घेऊन येणारा गाडीवान. आईला पाटलांनी बोलावलंही नव्हतं. तरी निघताना ती म्हणाली, "माझ्याच्याने चढ चढवणार नाही गं." मी म्हटलं, "तुला कुणी बोलावलंय?" ती भिंतीकडे तोंड करून ज्वारी निवडत बसली.

वर दहा-पंधरा माणसं रिंगणाबाहेर चपला काढून उभी होती. दीर-जाऊ सगळ्यात पुढे. मी म्हटलं, मी आधी घालते हात. मला दाखवायचं होतं की शिकलेल्या माणसाला असल्या गोष्टींची भीती नसते. मी भोकात हात घातला. आत गार होतं, बाहेर ऊन एवढं तापलेलं असूनही. बोटांना भुसभुशीत माती लागली. मी दोन्ही वाक्यं भरभर बोलले आणि हात बाहेर काढला. गाडीवानाने डोळे मिटून हात घातला, दोन्ही वाक्यं बोलला, घाम पुसला.

मग ती पुढे आली. गुडघ्यावर बसली, पदर खोचला, कोपराच्याही वरपर्यंत हात आत घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या घेतलं न्हाई."

आणि थांबली.

"म्होरलं बोल," पाटील म्हणाले.

ती बोलेना. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण ते तर नेहमीच वाहायचं. थोड्या वेळाने तिने हात बाहेर काढला, माती झटकली आणि म्हणाली, "म्होरलं न्हाई बोलनार."

"म्हंजी तुला ठावं हाय?"

तिने खोचलेला पदर सोडून सारखा केला.

"कोन हाय त्यो, सांग मंग."

"न्हाई सांगनार. काय करायचं त्ये करा."

लोकांत कुजबुज सुरू झाली. गाडीवान भला माणूस. तो म्हणाला, "पर पाटील, पयलं वाक्य ती बोलली की. हात तर सलामत हाय तिचा. म्हंजी घेतलं न्हाई तिनं." दोन-चार माना हलल्या. त्यांच्या रिवाजाने ती सुटली होती. चोर ती नव्हती, एवढं त्या दगडाने सिद्ध केलं होतं आणि तिथल्या प्रत्येकाला ते पटायला लागलं होतं.

तेवढ्यात मी बोलले. ज्या दगडावर माझा काडीचा विश्वास नव्हता, त्याच्या वतीने मी बोलले. "अर्धी शपथ म्हणजे शपथच नव्हे. दोन्ही वाक्यं झाली तरच हात धरला जातो किंवा सुटतो. हिने दुसरं टाळलं, म्हणजे पहिलंही खोटं." हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. असा काही नियम नव्हता. पण बाई शिकलेल्या, बाई सरकारी. पाटलांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आसंल बाबा." जावेने लगेच "चोरटी!" म्हणून हात नाचवले. मी पुढे झाले आणि तिच्या कमरेची किल्ली मागितली. तिने ती सोडून माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. "तिला काढू नकोस गं," एवढंच दोन-तीनदा म्हणाली. मी म्हटलं, "तुझा जीव जडलाय म्हणून तुला दिसत नाही." आई उठून पाणी प्यायली आणि निजली. आठवड्याच्या आत दिराने तिचं गाठोडं खोलीबाहेर टाकलं. चोरटीला घरात ठेवणार नाही म्हणाला, आणि गावात कुणी त्याला आडवं गेलं नाही. ती माहेरच्या दूरच्या नात्यातल्या कुणाकडे, काष्टीला, निघून गेली. शाळेचं उप्पीट आता तिची जाऊ शिजवू लागली.

बाळाचं बारसं लांबलं होतं, ते फाल्गुनात झालं. मी आणि आई संगमनेरला गेलो. भावाच्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसले आणि समोर फळीवर तेलाचा डबा. परदेशी अक्षरांचा, त्यात आता पीठ भरलेलं. मी उठले, डबा खाली घेतला, उचलून बूड पाहिलं. माझ्याच हातची खडूची खूण होती, पुसट झालेली.

वहिनी बाळाला थोपटत म्हणाली, "आईंनी आणलेलं ते तेल संपलंसुद्धा. बरं झालं हो, इथे महिना महिना तेल मिळत नव्हतं."

मी बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं. मला नीट आठवतं, माझ्या मनात त्या बाईचा विचार पहिल्यांदा आलाच नाही. पहिला विचार आला तो खुंटीवरच्या किल्लीचा. मी इतक्या जणांवर इतके संशय घेतले, पण जिच्याबरोबर एका खोलीत निजत होते तिच्यावर नाही.

परतीच्या चढावर मी आईला विचारलं. ती एका दगडावर टेकली. "सुनेचं पोट रिकामं होतं. भाकरी कोरडी. अंगावर दूध येत नव्हतं," ती म्हणाली. "आयुष्यभर लोकांच्या भरल्या घरात राबले, चिमूटभर मीठ इकडचं तिकडे केलं नाही. तरी चोर म्हणवून घेतलं. एकदा वाटलं, घ्यावं."

"आणि तिला माहीत होतं?"

"गाठोडं उचलल्याबरोबर कळलं तिला. वजनाने. खाली रस्त्यावर ठेवताना म्हणाली, मावशी, सांभाळून घ्या, झाकन ढिलं हाय. बाकी काही नाही."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. तू इतकी चवताळली होतीस. नोकरी जाईल वाटलं तुझी." मग ती म्हणाली, "आणि तुझी भीती वाटली गं."

मे महिन्याच्या सुट्टीत मी काष्टीला गेले. बाजाराचा दिवस होता. ती एका हॉटेलच्या मागे, उसाच्या चिपाडांवर भली मोठी कढई ठेवून भजी तळत बसली होती. धुराने दोन्ही डोळे लाल. मला पाहून उठली आणि बसायला पोतं दिलं. मी म्हटलं, मला सगळं कळलं. तिने मान हलवली.

"दुसरं वाक्य बोलून टाकायचं होतंस," मी म्हटलं. "दगड तो दगड. काही झालं नसतं."

"आसं कसं, बाई? हात आत हुता की माजा."

"मग आईचं नाव घ्यायचंस."

ती भजी उलटत राहिली. "मावशीनं आपल्या चहाचं दूद माज्या डोळ्यावर ठिवलं. सख्ख्या जावेनं पानी दिलं न्हाई तवा. नाव कसं घिऊ?"

मी म्हटलं, परत चल, मी सगळं बघते. ती म्हणाली, "आता न्हाई यायची म्या. खोली बी गेली, जीव बी उडाला. पर येक करा. पाटलाम्होरं सांगा येकदा, की ती चोर न्हवती. मावशीचं नाव नगा घिऊ. निस्तं येवडंच सांगा. मेल्या नवऱ्याचं घर हाय त्ये, तितं चोरटी म्हनून नाव ऱ्हायलंय माजं." मी तिच्या हातावर हात ठेवून सांगते म्हणाले. तिने विश्वास ठेवला. मी असते तर ठेवला नसता.

पुढे जून आला, पाऊस आला, शाळा उघडली. रोज वाटायचं, आज पाटलांना सांगावं. मग वाटायचं, ते विचारतील, तुम्हाला कसं कळलं? चोर कोण, मग? लोक हिशेब जुळवतील. आई दर दोन दिवसांनी माझ्या तोंडाकडे बघायची आणि काही विचारायची नाही.

हिवाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक चूल बघायला आले. टेप लावून मोजमाप घेतलं, कागदावर रिंगण काढलं आणि सांगितलं, ही चूल नाही, हे थडगं आहे. माणसांच्या हातात लोखंड नुकतं आलं त्या काळातलं. त्यांनी आपलं कुणीतरी आत ठेवलं असेल, आणि भोक बहुधा त्याला दाणापाणी द्यायला. पाटलांचा चेहरा उतरला. "म्हंजी आमी मढ्याच्या हातात हात देत हुतो व्हय?" प्राध्यापक हसले नाहीत. त्यांना शपथेचं फार अप्रूप वाटलं. वही उघडून त्यांनी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. मग विचारलं, "दुसरं वाक्य बोलायला कुणी नकार दिला, असं कधी झालंय?"

"झालं की," पाटील म्हणाले. "गेल्या साली येक हुती. आमच्या बाईंनीच धरली तिला. इचारा त्यास्नी."

सगळे माझ्याकडे वळले. दीर होता, जाऊ होती, गाडीवानही होता. यापेक्षा सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. कुणाचंही नाव घ्यायचं नव्हतं. खाली आमच्या अंगणात आई उन्हाला बसलेली दिसत होती.

"तुम्ही होता का त्या वेळी?" प्राध्यापकांनी विचारलं. "चोर तीच होती का मग?"

"हो," मी म्हणाले. "तीच होती."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्या दगडाची जाडी मोजायला वाकले.